खोकून दाखवा

६ ऑगस्ट

आत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाचं ऐकतेस, म्हणून लिहितेच. नमस्कार वगैरे सगळं पोचलं असं समज.

बाबांच्या पित्ताशयात खडे निघालेत. मागच्या महिन्यात दोनदा पोट धरून जमिनीवर बसले, तेव्हा कुठे दवाखान्यात यायला तयार झाले. सर्जन म्हणतात, पित्ताशय काढूनच टाकू, नाहीतर पुढच्या वेळी धावपळीत काढावं लागेल. महिनाअखेरीची तारीख मिळाली आहे. ती बाबांनी स्वतः घासाघीस करून मिळवली, कारण ऑक्टोबरच्या शेवटी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे आणि त्यात मुख्य नट राजे आहेत. राजे नुसते उभे राहिले तरी थिएटर भरतं, पण हल्ली ते अर्ध्या वाक्यात हरवतात. विंगेत प्रॉम्प्टिंगला बाबा नसतील तर मी रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी निर्मात्याला तोंडावर सांगितलंय. तेव्हापासून बाबांना ऑपरेशनची भीती उरलेली नाही, तारीख पुढे जाईल याची आहे.

बाकी ठीक. मी आणि माझं चष्म्याचं दुकान. बाबा रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून बसतात, केवढं पाणी वाया जातं. मी दारावर थापा मारते, आतून हूं की चूं नाही. जन्मभर दुसऱ्यांना शब्द पुरवणारा माणूस घरात स्वतःचा एक शब्द खर्च करत नाही.

तू इतकी वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढलीस. मी काय बघायचं ते सांग.

तुझी ठमी


११ ऑगस्ट

ठमाबाई,

माझ्या कानांचं मी बघेन. तू आधी तुझ्या बापाचं बघ.

ऑपरेशनची मला धास्ती नाही. टाके भरून येतात. मला धास्ती आहे ती भुलेची आणि भुलेनंतरच्या दिवसांची. माझ्या वॉर्डात पोटाच्या ऑपरेशनची जी माणसं दगावली, त्यातली बरीचशी पोटानं नाही, छातीनं गेली. नीट समजून घे. भुलेत श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून बसतो आणि तिथे कफ साचतो. जाग आल्यावर तो खोकून बाहेर काढायचा असतो. पण टाके दुखतात, म्हणून माणूस श्वास चोरतो आणि खोकला गिळतो. मग ताप येतो आणि नातेवाईक म्हणतात, ऑपरेशन तर छान झालं होतं.

तेव्हा मला खरं खरं कळव. सिगारेट सुटली का? सुटली म्हणजे खरंच सुटली, की थिएटरच्या मागच्या जिन्यात चालू आहे? एवढ्यात सर्दी, खोकला, कफ काही झालं का? झालं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगायचंच. ते तारीख काही आठवडे पुढे ढकलतील आणि ढकलू द्यायची, तिथे राजांचं नाटक आड आणायचं नाही. दात स्वतःचे किती आणि कवळी किती? जिना चढताना दम लागतो का? वजन उतरलंय का? साठी उलटलेल्या, चाळीस वर्षं धूर ओढलेल्या माणसाला यातलं काहीही महागात पडतं.

मुक्याला सांग, थोरली बहीण विचारतेय, गुळमुळीत उत्तर चालणार नाही.

आत्या


१७ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ‘मुक्या’ ऐकून हसले.

सिगारेट तारीख ठरली त्या दिवशीच सोडली. पाकीट माझ्यासमोर थिएटरच्या लाइटवाल्याला देऊन टाकलं आणि तो तेव्हापासून घरी येतो तेव्हा बिचारा खाली आवारातच ओढून वर येतो. वरची कवळी आहे, खालचे दात स्वतःचे. वजन थोडं उतरलंय, तेलकट बंद केल्यामुळे असेल. जिन्यात मधल्या वळणावर थांबतात आणि भिंतीवरची सोसायटीची नोटीस वाचतात. ती नोटीस मागच्या वर्षीची आहे, हे मी त्यांना सांगत नाही.

सर्दी नाही. खोकला नाही. काल भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तरुण आहेत, पण चिवट. त्यांनीही हेच विचारलं. बाबा म्हणाले, “नाही.” मग त्या म्हणाल्या, “खोकून दाखवा बरं.” बाबांनी खोकून दाखवलं. एकदाच, कोरडं, स्वच्छ, एखाद्या नटानं कुणाचं लक्ष वेधायला खाकरावं तसं. बाईंनी पाठीवरून, छातीवरून स्टेथोस्कोप फिरवला. खाली थोडी घरघर वाटते म्हणाल्या, पण इतकी वर्षं सिगारेट ओढणाऱ्यात ती असतेच. एक्स-रेही तसा बरा होता. मग मला विचारलं, “घरी खोकतात का हे?” मी म्हटलं, मी तरी कधी ऐकलेलं नाही.

तारीख कायम राहिली. बाहेर आल्यावर बाबांनी मला चहा पाजला, हे त्यांच्या स्वभावात बसत नाही. त्यांना बराच आनंद झाला होता.

ठमी


२१ ऑगस्ट

ठमे,

वाचून जीव भांड्यात पडला. खोकला नाही म्हणजे अर्धी लढाई जिंकली. त्या डॉक्टरीणबाई मला आवडल्या, खोकून दाखवा म्हणणारे फार थोडे असतात.

आता नंतरचं ऐक. कवळी आत जाताना काढायची, पण दात आणि जीभ ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही घासायची. तोंडातली घाणच पुढे छातीत उतरते. शुद्धीवर आल्यावर आडवं लोळू द्यायचं नाही, पाठीशी उशा देऊन बसवायचं. दुसऱ्या दिवशी उभं करायचं. ओरडला तरी करायचं. खोकताना पोटावर उशी घट्ट धरायला लावायची, म्हणजे टाके कमी दुखतात. आणि दुखतंय म्हणून बिनधास्त सांगायला लाव. दुखणं सोसणारा पेशंट सगळ्यात वाईट, कारण तो श्वास घेत नाही.

भेटायला येणाऱ्यांना दारातून परत पाठव. निम्मे शिंकतच येतात.

आत्या


२ सप्टेंबर

आत्या,

ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं होतं, पण आत सगळं चिकटलेलं निघालं म्हणून पोट उघडावं लागलं. ठरल्याच्या दुप्पट वेळ लागला. बरगडीखाली मोठा काप आहे. सर्जन म्हणाले, आमचं काम उत्तम झालं.

तू लिहिलंस तसं मी सगळं केलं. उशा दिल्या, बसवलं, दुसऱ्या दिवशी उभं केलं. खिडकीपर्यंत चालले, माझा हात धरून. एक फिजिओथेरपिस्ट येतो. त्यानं तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिलंय. ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, मग चेंडू वर जातात. आमचा पहिला चेंडू हलतो आणि परत बसतो. फिजिओ म्हणतो, “काका, आवाज होऊ दे, जोरात ओढा.” बाबा मान हलवतात आणि आवाज न करता ओढतात. खोका म्हटलं की उशी पोटावर धरतात, ओठ मिटतात, खांदे एकदा थरथरतात, डोळ्यांत पाणी येतं. पण बाहेर काहीच येत नाही. फिजिओनं लिहिलं, कफ नाही.

वॉर्डात सगळ्यांना आवडतात. सिस्टर शेजारच्या पेशंटला म्हणाल्या, “त्या काकांकडे बघा जरा, किती शांत आहेत.” दुखतंय का विचारलं तर बाबा ‘चालेल’ म्हणतात.

काल संध्याकाळपासून ताप आहे. फार नाही. रक्त घेऊन गेलेत. श्वास जरा भराभर चाललाय, पण तेही आवाज न करता. मी खुर्चीवर बसून हे लिहितेय. काळजी करण्यासारखं आहे का, तेवढं कळव.

ठमी


६ सप्टेंबर

ठमे,

आत्ताच पत्र मिळालं. शेजारच्या मुलाला टपाल टाकायला उभं करून लिहितेय.

त्याला कफ आहे. तो खोकला दाबतोय. तुझ्या पत्रातले ते थरथरणारे खांदे मी पाहिलेत. विंगेत प्रॉम्प्टर खोकला तर तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातं. तरुणपणी त्याला महिनाभर डांग्या खोकल्यासारखं झालं होतं, तरी त्यानं एक प्रयोग चुकवला नाही. मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसून बघितलं होतं. खोकला वर येतो, हा ओठ मिटतो, खांदे थरथरतात आणि पुढचं वाक्य बरोबर वेळेवर जातं. अख्खी नाटक कंपनी त्याचं कौतुक करायची. मीसुद्धा केलं होतं.

डॉक्टरांना सांग, हा शांत नाही, हा दाबतोय. छातीचा फोटो पुन्हा काढा म्हणावं. आणि त्याच्या कानाशी जाऊन सांग, प्रयोग संपला, पडदा पडला, थिएटर रिकामं झालं, आता खोक. आवाज करून खोक म्हणावं.

आत्या


१५ सप्टेंबर

आत्या,

पत्र मिळालं तेव्हा बाबा आयसीयूत गेलेले होते. न्यूमोनिया. घशात नळी, यंत्रावर श्वास. नर्स एका बारीक नळीनं कफ ओढून काढते, बाटलीत जमा होतो, हिरवट असतो. बराच निघतो. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई रोज येतात, आता त्याच बाबांना झोपेचं औषध देतात.

मी तुझं वाक्य त्यांच्या कानात म्हटलं. पडदा पडला, आता खोका. त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

लाइटवाला आला होता. त्यानं मला जिन्यात गाठलं आणि मान खाली घालून सांगितलं. जुलैपासून खोकला होता. तालमीच्या मध्ये बाबा वर कपडेपटाच्या खोलीत जायचे आणि टांगलेल्या ओव्हरकोटांत तोंड खुपसून खोकायचे. सगळ्यांना माहीत होतं. तारीख पुढे गेली तर प्रयोग हातचा जाईल, म्हणून त्यांनी सगळ्यांना गप्प बसायला लावलं. घरी ते नळ सोडून खोकत असणार. डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्या सकाळी नळ फार वेळ चालू होता. मी पाण्यावरून बोलले होते.

मला रडू येत नाही. दुकानात जाते. लोक नंबर सांगतात, मी भिंग घासते, फ्रेममध्ये बसवते, पुसून देते. काल एका बाईंना चष्मा लावून दिला आणि त्या म्हणाल्या, किती स्वच्छ दिसतंय. मी म्हटलं, हो. मग दवाखान्यात जाते. आयसीयूच्या बाहेर चपला काढायच्या, हात धुवायचे, अंगावर हिरवा झगा. यंत्राचा आवाज ऐकत उभी राहते. मला काहीही वाटत नाही, आत्या. वाटायला हवं हे कळतं, पण वाटत नाही.

ठमी


२० सप्टेंबर

ठमे,

एका घरात राहून तुला कळलं नाही? दोन खोल्यांचं घर ते. जुलैपासून बाप खोकतोय आणि तू नळाच्या पाण्यावरून भांडतेस. आणि डॉक्टरनं तुला सरळ विचारलं होतं.

मी यायला निघते म्हटलं तर गुडघे उठू देत नाहीत. काय होतंय ते रोज लिही.

आत्या


९ ऑक्टोबर

ठमे,

तुझं पत्र नाही. शेजारच्या मुलाकडून तुझ्या दुकानात फोन करवला. तो म्हणाला, यंत्र काढलंय, काका घरी आलेत, ताई बऱ्या आहेत. तुझ्या तोंडून एवढंच निघालं असेल.

मी मागे जे लिहिलं ते तुला लिहायचं नव्हतं. ते मला स्वतःला म्हणायचं होतं आणि हाताशी तू होतीस. तुझ्या पत्रात स्पष्ट होतं, एकदाच, कोरडं, नटासारखं. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि खूश झाले. वॉर्डात असते तर अशा खोकल्यावर मी त्या माणसाला पुन्हा खोकायला लावलं असतं, पाठीत चापट मारून लावलं असतं. सख्ख्या भावाच्या बाबतीत मात्र मी नर्स राहिले नाही, मला बरी बातमी हवी होती. त्यानं डॉक्टरला फसवलं, तुला फसवलं आणि मला तर पत्रातून फसवलं. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

तू रागावली असशील तर रागाव. पण लिही. त्याचा आवाज कसा आहे तेही लिही, नळीनं घसा सोलवटतो.

आत्या


२९ ऑक्टोबर

आत्या,

रागावले नव्हते. पत्र हातात घेतलं की काय लिहायचं ते सुचत नव्हतं आणि मग मी ते घडी करून ठेवायचे.

बाबा घरी आहेत. खूप वाळलेत. आवाज घोगरा झालाय, डॉक्टर म्हणतात सुधारेल, किती ते सांगत नाहीत. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग अजून नीट उघडलेला नाही. चेंडूंचं यंत्र चालू आहे. आणि आता ते खोकतात. दाबणं जमत नाही, ताकदच नाही तेवढी. सकाळ-संध्याकाळ खोकतात, मोठ्यानं, खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून जातात. नळ बंद असतो.

गेल्या आठवड्यात हट्टानं तालमीला गेले. लाइटवाल्यानं धरून विंगेत नेलं, त्यांच्या स्टुलावर बसवलं. पहिल्या अंकातच खोकला आला. राजे वाक्य सोडून थांबले. सगळे थांबले. खोकला संपल्यावर बाबांनी संहिता मिटली, स्टुलावर ठेवली आणि लाइटवाल्याला म्हणाले, “चल, घरी सोड.” हे मला लाइटवाल्याकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी निर्माता दुकानात आला. दुसरा प्रॉम्प्टर आणला होता, राजे त्याचं ऐकेनात. त्यांना बाबांच्या घरातलं माणूस हवं होतं. संहिता तर हातातच असते, तू वाचत बस, म्हणाला. मी विचार न करता हो म्हटलं. नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं.

काल पहिला प्रयोग झाला. मी बाबांच्या स्टुलावर बसले होते. ओळीवर बोट ठेवून वाचत होते. दुसऱ्या अंकात राजे मुलीला निरोप देतात. हात पुढे करतात आणि बोलायचं असतं. ते थांबले. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि शब्द दिला, अगदी हळू. त्यांनी तो घेतला, पुढचं सगळं बरोबर म्हटलं, टाळ्या पडल्या. पण शब्द घेताना त्यांनी विंगेकडे बघितलं. कुणी पाठीमागून ढकलल्यावर माणूस बघतो तसं. नंतर मेकअपच्या खोलीत माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बाळ, छान केलंस.” मला कळलं की छान झालेलं नाही.

आज सकाळी बाबा उशांना टेकून बसले होते. मी दूध दिलं. त्यांनी विचारलं, “कुठे थांबले?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीच माहीत होतं.

“शब्द दिलास?”

“दिला.”

“तिथे द्यायचा नसतो. तिथे ते विसरत नाहीत. एकटे पडतात.” मग जरा दम घेऊन म्हणाले, “तिथे मी नुसता श्वास घेतो. संहितेत नाही लिहिलेलं ते. त्यांना ऐकू जाईल एवढाच घ्यायचा, पहिल्या रांगेला नाही. त्यांना कळतं, इथे कुणीतरी आहे. मग ते बोलतात.”

मी विचारलं, कसा. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही शिकवायला घेतलं होतं आणि मला इतक्या दिवसांनी काहीतरी वाटत होतं.

“बघ,” म्हणाले. पाठ ताठ केली. ओठ मिटले. नाकातून श्वास घ्यायला सुरुवात केली. तो अर्ध्यावर गेला आणि तुटला, खोकला आला. मी ग्लास घेऊन उभी राहिले. बराच वेळ खोकले. मग तोंड पुसून म्हणाले, “हा नव्हे. थांब, परत दाखवतो.”

परतही तो अर्ध्यावरच तुटला. मी म्हटलं, बाबा, राहू दे, मला समजलं. ते म्हणाले, न ऐकता कसं समजेल. दुकान उघडायची वेळ टळून गेली. मी उघडलं नाही. त्यांच्यासमोर बसून राहिले आणि ते पुन्हा पुन्हा पाठ ताठ करत राहिले.

आता त्यांना डोळा लागलाय, म्हणून हे लिहितेय. आज संध्याकाळी दुसरा प्रयोग आहे आणि तो श्वास मी अजून ऐकलेला नाही.

ठमी